बाबांसारखं व्हायचं नाही, मग कसं व्हायचं?

प्रश्न ज्यांचा आहे ते ३३ वर्षांचे आहेत. ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीत घर, ऐरोलीला आयटी कंपनीत नोकरी. बायको बँकेत आहे, तिला सातवा महिना लागलाय. त्यांनी लिहिलंय ते थोडं आटोपशीर करून देते:

“मला कसा बाप व्हायचंय याची मी यादी केली आहे. हात उचलायचा नाही. ओरडायचं नाही. मार्कांवरून बोलायचं नाही. दुसऱ्यांच्या मुलांशी तुलना करायची नाही. घरी आल्यावर फोन बघायचा नाही. त्याला माझी भीती वाटता कामा नये, मला त्याचा मित्र व्हायचंय. माझे बाबा पट्ट्याने मारायचे. वागळे इस्टेटमधली त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा मी चौथीत होतो. काहीही झालं तरी मला त्यांच्यासारखं व्हायचं नाही. बायको म्हणते, तू दुसऱ्या टोकाला जाशील. बाळंतपणाला ती साताऱ्याला माहेरी जाईल, तीनेक महिन्यांनी परत आली की लोकमान्यनगरहून माझे आई-बाबा आमच्याकडे राहायला येतील. पालकत्वाचा एखादा कोर्स करावा का?”

कोर्सचं शेवटी बोलू. आधी यादी.

तुमच्या यादीत काय टाळायचं हे पक्कं आहे, आणि त्यात गैर काहीच नाही. मारण्याबद्दल तर दुमत नकोच. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलंय, घरात वेगळा न्याय लावायचं कारण नाही. पण तुमच्या यादीतल्या प्रत्येक ओळीमागे तुमचे बाबा उभे आहेत. त्यांच्याकडे बघून उलट चालायचं तुम्ही ठरवलंय, म्हणजे रस्ता अजून तेच ठरवतायत. बायकोची शंका मला बरोबर वाटते, मात्र थोड्या वेगळ्या कारणासाठी. माणूस दुसऱ्या टोकाला जातो हे खरं, पण तिथे तो फार दिवस टिकत नाही.

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बाबा मंडळींकडून ऐकलेला प्रकार साधारण असा असतो. दीड-दोन वर्षांचं पोर ताटातला वरणभात जमिनीवर फेकतं. बाबा हसून सोडून देतो. पुन्हा फेकतं, तो समजावतो. तिसऱ्यांदा दात आवळून गप्प बसतो, कारण ओरडायचं नाही हे ठरलेलं आहे. चौथ्यांदा जो आवाज निघतो तो त्याच्या वडिलांचा असतो, अगदी शब्दांसकट. “लाज वाटत नाही?” असं दीड वर्षाच्या मुलाला! पोर दचकतं, बाबा त्याहून जास्त हादरतो, आणि दुसऱ्या दिवशी अपराधीपणापायी एक नवं खेळणं घरात येतं. आठवड्याभरात पुन्हा तेच. ताट फेकायचं नाही हे त्या मुलाला यातून कधीच कळत नाही. बाबाचा चेहरा वाचायची सवय मात्र लागते, आणि ती सवय तुमची तुम्हाला चांगली ओळखीची असेल.

कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकांच्या तऱ्हा मांडल्या. त्या वाचून बहुतेकांना वाटतं की ‘कडक’ ते ‘सैल’ अशी एकच पट्टी आहे आणि आपण तिच्यावर मध्ये कुठेतरी उभं राहायचं. १९८३ मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी ही मांडणी पुढे नेली, त्यात पट्ट्या दोन आहेत: मुलाला माया आणि प्रतिसाद किती मिळतो ही एक, त्याच्याकडून अपेक्षा आणि नियम किती ही दुसरी. दोन्ही एकाच वेळी भरपूर असू शकतात, दोन्ही एकाच वेळी गायबही असू शकतात. आपल्या घरांमध्ये मात्र धाक आणि लाड तराजूच्या दोन पारड्यांत ठेवल्यासारखे असतात, एक खाली गेलं की दुसरं वर. तुमच्या बाबांकडे नियम दिसले, माया दिसली नाही, म्हणून माया आणायची तर नियम काढून टाकावे लागतील असं तुमच्या मनाने धरलंय. खरी अडचण अशी आहे की शांत आवाजात ‘नाही’ म्हणणारा आणि त्यावर टिकणारा बाबा तुम्ही लहानपणी पाहिलेलाच नाही. पहिल्यांदा ताट फेकलं तेव्हाच “जेवण झालं वाटतं, ताट उचलतो” एवढं म्हणून ताट उचलणं, मग मूल रडलं तर त्याला जवळ घेणं, आणि जवळ घेतलं म्हणून ताट परत न मांडणं. हे तुम्हाला नव्याने शिकावं लागेल. सुरुवातीला नाटक केल्यासारखं वाटेल. वाटू द्या.

मित्र होण्याबद्दल एकच सांगते. चार वर्षांच्या मुलाला रात्री साडेनऊला दिवा बंद करणारं कुणीतरी लागतं, आणि मित्र ते करत नाही.

आता मला जे खरं महत्त्वाचं वाटतं त्याकडे येते. १९८०च्या दशकात बर्कलीच्याच मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांसाठी एक मुलाखत तयार केली. तुमच्या आईशी असलेल्या नात्याबद्दल पाच शब्द सांगा, आणि मग प्रत्येक शब्दाला धरून एखादा प्रसंग. वडिलांबद्दलही तसंच. लहानपणी लागलं-खुपलं की कुणाकडे जायचात? आई-वडील तसे का वागले असतील असं आज वाटतं? लंडनला पीटर फोनागी आणि मिरियम व हॉवर्ड स्टील यांनी ही मुलाखत गरोदर बायकांची घेतली, आणि बाळ एक वर्षाचं झाल्यावर त्याचं आईशी नातं किती भरवशाचं आहे ते पाहिलं. त्यांचा निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला: मूल जन्मायच्या आधी घेतलेल्या मुलाखतीवरून बांधलेला अंदाज बहुतेक जोड्यांमध्ये बरोबर निघाला. आणि तो अंदाज बालपण सुखाचं होतं की हालाचं यावर बांधलेला नव्हता. माणूस ते बालपण कसं सांगतो, यावर बांधलेला होता. हा कल आहे, कुंडली नव्हे, हे लक्षात असू द्या. तरी माझ्या कामात मला याच्याइतका उपयोगी पडलेला दुसरा शोध नाही.

सांगायच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात. काहीजण म्हणतात, “आमचं बालपण एकदम छान होतं, आई-बाबा देवमाणसं,” आणि एक प्रसंग सांगा म्हटलं की काहीच आठवत नाही. काहीजण आजही वडिलांशी भांडतच असतात; विचारलं एक की वीस वर्षांपूर्वीचं भांडण काल झाल्यासारखं ऐकवतात, माझ्यासमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून. आणि काहीजण म्हणतात, “बाबा मारायचे. मला त्यांची भयंकर भीती वाटायची. दहावीच्या निकालाच्या दिवशी मी तलावपाळीला तास-दोन तास बसून राहिलो होतो, घरी जायचं धाडस होईना. पण मला टायफॉइड झाला होता तेव्हा रात्रभर उशाशी तेच बसले होते. त्यांच्या स्वतःच्या वडिलांनी त्यांना कधी जवळ घेतलं नव्हतं, त्यांना ते येतच नव्हतं बहुतेक.” या शेवटच्या माणसाचं बालपण पहिल्या दोघांहून वाईट गेलेलं असू शकतं. त्याच्या मुलाबद्दल मला काळजी कमी वाटते.

तुमच्या पत्रात दोन वाक्यं शेजारी-शेजारी आहेत. बाबा पट्ट्याने मारायचे. कंपनी बंद पडली तेव्हा मी चौथीत होतो. दोन्हीचा एकमेकांशी काय संबंध, ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं तुम्हीही ते अजून जोडून बघितलेलं नाही. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत, १९६२ची. ठाण्यातल्या एका अख्ख्या पिढीच्या चुली तिथल्या पगारावर पेटल्या. पुढे कारखाने एकामागोमाग बंद होत गेले आणि आज तिथे काचेची ऑफिसं उभी आहेत. त्या गेटाला टाळं लागलं तेव्हा आतल्या माणसांचं काय झालं, हे ठाण्यात फारसं कुणी बोललं नाही. पुरुष तर नाहीच बोलले. सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचं नाटक कित्येक महिने करणाऱ्या वडिलांची गोष्ट मी एकाहून जास्त घरांतून ऐकली आहे.

म्हणून विचारते: पट्टा आधीपासून होता की टाळं लागल्यावर आला? की आधी एक चापटी होती आणि नंतर पट्टा झाला? त्या वर्षात घरात आणखी काय काय बदललं, आई कामाला जायला लागली का, शाळेची फी कुणी भरली, बाबा दुपारी घरी असायचे का? यातलं काही कळलं म्हणून वळ कमी दुखले असं होणार नाही. चौथीतल्या मुलावर पट्टा उगारायला कुठलीही टाळेबंदी पुरेशी सबब नाही, आणि तुम्ही बाबांना माफ करावं असंही मी सुचवत नाहीये. तो तुमचा प्रश्न. पण आत्ता तुमच्या मनात बाबा म्हणजे एक पट्टा आहे. पट्ट्याचं उलट होता येत नाही. माणूस दिसायला लागला की त्याच्यातलं काय घ्यायचं आणि काय तिथेच ठेवायचं हे निवडता येतं.

अमेरिकेतल्या मनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९७५ मध्ये याच्याजवळचं एक निरीक्षण मांडलं होतं. लहानपणी मार खाल्लेले सगळे आई-बाप पुढे मारत नाहीत. ज्यांना प्रसंग आठवतो पण तेव्हाची भीती, अपमान, एकटेपण आठवत नाही, ते तसंच वागायची शक्यता जास्त. ज्यांना त्या वेळी काय वाटलं हेही आठवतं, त्यांचा हात थांबतो. म्हणजे “मला मारलं म्हणून मी सुधारलो” असं हसत सांगणाऱ्या माणसाची मला जास्त धास्ती वाटते. तुम्ही त्यातले नाही, एवढं तर पत्रावरून दिसतं.

काय कराल? एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि लिहा, फोनवर टाइप करू नका. बाबांबद्दलचे प्रसंग लिहा, मतं नकोत. “बाबा कठोर होते” हे मत झालं. “मी वही हरवली, बाबा दारात उभे होते, पायात चपला तशाच होत्या” हा प्रसंग. जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबा, दुसऱ्या दिवशी पुढे जा. मग आईला विचारा, आणि एखादी आत्या असेल तर तिला नक्की विचारा. माझा अनुभव असा की वडिलांचं बालपण आत्यांकडे सगळ्यात नीट जपलेलं असतं. शेवटी बाबांशी बोला, पण समोरासमोर बसवून जाब विचारल्यासारखं नको. त्या पिढीचे पुरुष चालता चालता बरं बोलतात. उपवन तलावाला सकाळी एक फेरी मारायला घेऊन जा आणि फक्त कंपनीचं विचारा, कुठल्या खात्यात होतात, बंद झाली त्या दिवशी काय झालं. पट्ट्याचा विषय काढायचा की नाही ते त्यांचं बोलणं ऐकून ठरवा. ते “तेव्हा सगळीकडे असंच होतं” म्हणून विषय बंद करतील अशीही शक्यता आहे. तरी हरकत नाही. हे काम तुमच्या मनात व्हायचं आहे, त्यांच्या कबुलीवर ते अडून राहू देऊ नका.

आणि वहीत दुसऱ्या बाजूचंही येऊ द्या. ते जे करायचे त्यातलं तुम्हाला पुढे न्यायला आवडेल असं काही असेल. सायकलचं पंक्चर शिकवलं असेल, मे महिन्यात गडकरी रंगायतनला बालनाट्याला नेलं असेल, भाजी निवडायची हौस असेल. सगळंच टाकून दिलं तर तुमच्या हातात बाप म्हणून काहीच उरत नाही, मग ती जागा मोबाइलवरचे पालकत्वाचे व्हिडिओ भरतात.

रागाचं मात्र वेगळं बोलायला हवं, कारण राग आल्यावर वही आठवत नाही. बाळाचं रडणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांचं झालं की बरंच उतरतं. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, आणि तरी ते संध्याकाळी दोन-दोन तास रडेल. यात तुमचं काही चुकलेलं नसतं. अशा वेळी कानशिलं तापली, जबडा आवळला, बाळाला धरलेली बोटं घट्ट झाली असं जाणवलं, की बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, खोलीबाहेर या, बाल्कनीत पाच मिनिटं उभे राहा. बाळ तेवढा वेळ रडलं तर त्याला काही होत नाही. रागाच्या भरात गदगदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आधीच सांगून ठेवा, आजी-आजोबांनाही. बायकोशी एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा, “तू घे” एवढाही चालेल. तो ऐकला की समोरच्याने कारण न विचारता मूल हातात घ्यायचं. ज्याने शब्द उच्चारला त्याला त्यावरून टोमणा मारायचा नाही, त्या रात्रीही नाही आणि पुढच्या भांडणातही नाही.

एवढं करूनही कधीतरी आवाज चढेल. तुमच्या यादीत याच्यासाठी एकही ओळ नाही, आणि माझ्या दृष्टीने यादीतली मोठी उणीव ती आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकापासून आई आणि तान्ह्या बाळांचं निरीक्षण केलं. अगदी छान जमलेल्या जोड्यांमध्येही बराचसा वेळ दोघांचा सूर जुळलेला नसतो: बाळाला खेळायचं असतं तेव्हा आई थकलेली, आई हसते तेव्हा बाळ तोंड फिरवतं. पण सूर तुटतो आणि पुन्हा जुळतो, दिवसातून असंख्य वेळा, आणि या जुळण्यातून बाळ शिकतं की बिघडलेलं नीट होतं. इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट १९५०च्या दशकातच सांगून गेले की मुलाला निर्दोष आई नको असते, पुरेशी चांगली असली की झालं. बापालाही तेच लागू.

तुमच्या घरात, पत्रावरून वाटतं, तुटलेलं कधी जोडलं गेलं नाही. मार झाल्यावर सगळे गप्प, सकाळी नेहमीसारखा चहा. तो भाग तुम्हाला बदलता येईल, आणि ओरडणं शून्यावर आणण्यापेक्षा ते सोपं आहे. मूल तीन वर्षांचं असेल तर त्याच्या उंचीला बसा आणि सांगा, “मी मोठ्याने ओरडलो. तू घाबरलास. ओरडायला नको होतं.” इथे थांबा. “पण तूही ना, ऐकतच नाहीस” हे शेपूट लावलं की माफी गेली आणि फिर्याद उरली. आणि त्यानंतर त्याने तुम्हाला मिठी मारावी, “असू दे बाबा” म्हणावं, ही अपेक्षा ठेवू नका. तुमचं अपराधीपण उतरवणं हे त्याचं काम नाही. त्याने लगेच रंगीत पेन्सिलींचा विषय काढला तर तो चालू राहू द्या. ताट फेकायचं नाही हा नियम मात्र तसाच ठेवा.

आता माहेराबद्दल. इथे माझं मत बऱ्याच आई-सासूबाईंना आवडत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही पद्धत बाईच्या विश्रांतीसाठी फार चांगली आहे. तिथे तिला शेक-मालिश मिळते, आळिवाचे लाडू मिळतात, कुणी ऊठ-बस करायला लावत नाही. पण तीन महिने तुम्ही त्या घरातले पाहुणे असता. शनिवारी खोपटच्या स्टँडवरून एसटी पकडणार, साताऱ्याला जावई म्हणून पाटावर बसणार, बाळ झोपलेलं असताना त्याचे फोटो काढणार, रविवारी रात्री परत. तोवर बायको, तिची आई आणि अंघोळ घालणाऱ्या बाई बाळाच्या प्रत्येक हाकेला तयार झालेल्या असतात. ती कासारवडवलीला आली की तुम्ही शिकाऊ उमेदवार. मग तुम्ही लंगोट उलटा बांधता, ती हसते किंवा वैतागते, तुम्ही “तुलाच जमतं” म्हणून बाजूला होता, आणि पुढची दहा वर्षं ‘तिलाच जमतं’ हेच चालू राहतं. मित्र-बाबा व्हायची यादी भिंतीवर लावून ठेवलेल्या घरांत मी हे बघितलंय.

म्हणून जमत असेल तर सासूबाईंना दीड-दोन महिने ठाण्यालाच बोलवा. नसेल जमत तर सुट्टी साताऱ्याला घालवा. बायकोला कायद्याने २६ आठवड्यांची रजा आहे, २०१७च्या दुरुस्तीपासून. तुम्हाला खासगी नोकरीत कायद्याने एकही दिवस मिळत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात, बाकी कंपनीच्या मर्जीवर. एचआरला आजच विचारा, हक्काची रजा साठवायला लागा, आणि घरून काम करायची मुभा असेल तर त्यातले काही आठवडे सासुरवाडीत लॅपटॉप मांडा. तिथे दोन कामं पूर्णपणे स्वतःकडे घ्या. मी नेहमी अंघोळ आणि रात्रीच्या दुधानंतर ढेकर काढणं सुचवते. ‘मदत’ म्हणून नको, तुमचंच काम म्हणून. सासूबाई नको-नको म्हणतील. हसून हो म्हणायचं आणि टॉवेल हातात घ्यायचा.

ठाण्याला परतल्यावर रस्त्याचा हिशेब करा. कासारवडवलीहून माजिवडा, कळवा, विटावा करत ऐरोली. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली अडकलात की संध्याकाळ गेलीच. घरी पोचता पोचता आठ-साडेआठ होतात आणि तान्हं मूल तेव्हा झोपायला आलेलं असतं. म्हणजे कसा बाप व्हायचं, याचा निम्मा निकाल घोडबंदर रोडच लावणार आहे. मग सकाळ तुमची करा. सहा ते आठ मूल तुमच्याकडे, बायको झोपेल. रोजचे हे दोन तास रविवारच्या मॉलपेक्षा कितीतरी मोलाचे आहेत.

येणाऱ्या मुलालाही काही म्हणणं असेल. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ नवरा-बायकोने १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अभ्यास सुरू केला, तान्ह्या मुलांपासून पुढे कित्येक वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. मुलं स्वभावाचा कल घेऊनच येतात असं त्यांना दिसलं: कुणी वेळापत्रकाने झोपतं-खातं, कुणी नव्या माणसाला बघून आठवडाभर बिचकतं, कुणी साध्या मोज्याच्या शिवणीवरून आकांत करतं. त्रास स्वभावामुळे कमी आणि स्वभाव व घर यांचा मेळ न बसल्यामुळे जास्त होतो. पत्रावरून वाटतं, तुम्ही मनात धरलंय की मुलगा होईल, दंगेखोर असेल, तुम्ही त्याच्याशी येऊरला क्रिकेट खेळाल. मुलगी झाली, आणि तिला कोपऱ्यात बसून मणी ओवायला आवडलं तर? आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी आणि कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांवर अंगणात बालवाड्या भरवल्या. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात नेली. घरातही मला तोच क्रम पटतो: आधी मूल कसं आहे ते बघायचं, मग आपण कसे वागायचं ते.

आई-बाबा राहायला येतील तेव्हा तुम्हाला एक गोष्ट अचानक टोचेल. तुमचे बाबा नातवाला खांद्यावर घेऊन गच्चीत फिरवतील, त्याने चष्मा ओढला तर हसतील. तुम्हाला आनंद व्हायला हवा, आणि पोटात काहीतरी आवळून येईल: हे माझ्या वाट्याला का नव्हतं? असं वाटणं हलकटपणाचं नाही. त्या क्षणी बाबांना टोचून बोलू नका, बायकोला सांगा, वहीत लिहा. फक्त एक नियम त्यांच्या येण्याआधी स्पष्ट बोलून ठेवा, आणि तो तुम्ही स्वतः बोला, सुनेच्या तोंडून नको: “बाबा, या घरात मुलावर कुणीच हात उचलायचा नाही. मीही नाही.” बाळगुटी द्यायची का, भरवताना मोबाइल लावायचा का, यावरही वाद होणार. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध सांगते आणि एक वर्षाच्या आत मोबाइल-टीव्हीचा पडदा अजिबात नको म्हणते. डॉक्टरांच्या तोंडून हे आजीने ऐकलेलं बरं, म्हणून लसीकरणाला तिला बरोबर न्या.

तुमच्या पत्रात एक माणूस जवळपास नाहीच, तुमची बायको. तिचं एकच वाक्य आलंय, तेही तुमच्याबद्दल. तिला कशी आई व्हायचंय? तिच्या घरी कोण ओरडायचं, कोण गप्प बसायचं? तिलाही एक वही द्या आणि एका रविवारी दोघं बसून विशेषणांऐवजी प्रसंगांवर बोला. रात्री दोन वाजता बाळ रडतंय आणि सकाळी दोघांचीही मीटिंग आहे, कोण उठणार? डीमार्टमध्ये पोर जमिनीवर लोळतंय, लोक बघतायत, तू काय करशील? मराठी शाळा की इंग्रजी, हे कोण ठरवणार? पाळणाघर की आजी, आणि आजीला ते झेपतंय का हे तिला कुणी विचारलंय का? उत्तरं जुळायलाच हवीत असं नाही. कुठे जुळत नाहीत ते आधी कळलेलं बरं.

बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त काळ तिचं रडू थांबत नसेल, झोप मिळूनही लागत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, तर “सगळ्यांनाच होतं” म्हणून सोडू नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली बऱ्याच ठिकाणी वापरतात, तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना तिच्याबद्दल विचारा. असं नैराश्य बाबांनाही येतं, ते बहुधा चिडचिडीच्या आणि ऑफिसात उशिरापर्यंत थांबण्याच्या रूपात दिसतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर दवाखान्यात जायला एक दिवसही थांबू नका. वही लिहिताना जुन्या मारहाणीची दृश्यं झोपेतून उठवू लागली, तर एकट्याने पुढे जाऊ नका, समुपदेशकाकडे जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

राहिला कोर्स. बाळाला अंघोळ कशी घालायची, दूध पाजताना कसं धरायचं, ताप आला तर कधी धावायचं हे शिकवणारे प्रसूतिपूर्व वर्ग असतात. अशा वर्गाला दोघांनी मिळून जा, तुम्ही तर नक्कीच जा. बाळ पोटात असतानाच त्याला हुशार, संस्कारी किंवा शांत करून देण्याची हमी देणाऱ्या पॅकेजवर मात्र पैसे घालू नका. गाणी ऐकायची तर घरी ऐका, छानच आहे. आदर्श पालक होण्याची महागडी वीकेंड शिबिरं निदान पहिलं वर्षभर तरी बाजूला ठेवा. त्या पैशात बायको ठाण्याला परतल्यावर तीन महिने स्वयंपाकाला बाई लावा.